पुन्हा एकदा

आमच्या घराण्यात टीव्हीवर झळकलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे माझी आजी. तिने टीव्हीवर गाणं म्हटलं नाही, भाषण केलं नाही की पुरणपोळी लाटून दाखवली नाही. ती खोकली. खोकली दोनदा, पण लोकांनी पाहिला तो दुसरा खोकला.

त्याचं असं झालं. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस देवनारच्या डंपिंग ग्राउंडला मोठी आग लागली. मी तेव्हा पाचवीत होते. आम्ही राहतो म्युनिसिपल कॉलनीत. आमच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर कचऱ्याचा डोंगर दिसतो. पाहुण्यांना तो आधी खरा डोंगर वाटतो आणि मग वारा फिरला की तो कसला आहे ते कळतं. १९२७ पासून मुंबईने तिथे कचरा टाकलेला आहे. खालच्या थरांत कुजून कुजून मिथेन वायू साठतो आणि एकदा आत पेट घेतला की वरून कितीही पाणी मारा, आतली धग दिवसेंदिवस विझत नाही. त्या वेळी तर धूर असा दाटला की तो उपग्रहांनी काढलेल्या छायाचित्रांत दिसला. पालिकेने आमच्या भागातल्या शाळा बंद ठेवल्या. आम्हां मुलांना अर्थातच आनंद झाला. शाळेला सुट्टी आणि वर रस्त्यात टीव्हीवाल्यांच्या छत्रीवाल्या गाड्या! दिवाळीतही एवढी मजा नसते.

त्या गाड्यांपैकी एका गाडीतले दोघं आमच्या जिन्याखाली आले. आजी नळावर होती. एकाने तिच्यापुढे कॅमेरा धरला, दुसऱ्याने विचारलं, "आजी, त्रास होतो का?" आजीला बोलायला अवकाशच मिळाला नाही, तिला खोकल्याची उबळ आली. चांगली मिनिटभर खोकली बिचारी. नेमकी तेवढ्यात मागून बेस्टची बस भोंगा वाजवत गेली. कॅमेरावाल्या दादाने कान झाकले, मान हलवली आणि अगदी आदराने म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा खोकाल का? पदर नाकाला लावून?"

आणि आजी खोकली! रात्री आम्ही सगळ्यांनी टीव्हीपुढे बसून पाहिलं. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी, मागे धुरकट आभाळ आणि खाली अक्षरं धावताहेत. शेजारच्या बायका म्हणाल्या, "काय छान आलात हो!" आजी पुढे कित्येक महिने सांगायची, "माझा खोकला म्हंजे काय साधा न्हाई. दोन येळा काढलेला हाय."

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आणि इतक्यांदा सांगितली, की तिच्यात हसण्यापलीकडे काही असेल अशी शंकाही मला कधी आली नाही. ती आली गेल्या वर्षी, मी स्वतः कॅमेरा हातात धरला तेव्हा.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्रक लागलं. विषय, दूरचित्रवाणी वृत्तछायाचित्रण. म्हणजे निवेदन नको, संगीत नको, नव्वद सेकंदांत केवळ चित्र आणि प्रत्यक्ष जागेवरचा आवाज यांतून एक बातमी सांगायची. मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहण्याचा मला दोन वर्षांचा अनुभव होता; पाहण्याचीच स्पर्धा आहे तर आपण का मागे राहा, असा विचार करून मी नाव दिलं. विभागाचा कॅमेरा आठ दिवसांच्या बोलीवर मिळाला. हरवला तर भरपाई, पडला तर भरपाई, भिजला तर भरपाई, अशी तीन कलमं वाचून मी सही केली. प्रवेशपत्रिकेच्या तळाशी आणखी एक कलम होतं. "सदर चित्रणातील कोणताही प्रसंग स्पर्धकाने मुद्दाम घडवून आणलेला अथवा पुन्हा करून घेतलेला नाही." त्याखाली सहीची रेघ. ती सही मात्र चित्रफितीबरोबर, शेवटी द्यायची होती. असली वाक्यं आपण वाचत नाही. मीही वाचलं नाही.

कॅमेरा हाती आला, पण तो कसा धरावा याची बोंब. आमच्या मागच्या इमारतीत एक काका राहतात. तरुणपणी त्यांनी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर बातम्यांचं काम केलेलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीला. तेव्हापासूनच्या कृष्णधवल काळाच्या गोष्टी ते रंगवून सांगतात. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, "याच्यात किती वेळाचं मावतं?"

"चार तास, काका."

काकांनी कपाळाला हात लावला. "आमच्या शंभर फुटी रिळात पावणेतीन मिनिटांच्या आसपास मावायचं. त्यातही कॅमेरा चावीचा. एकदा चावी दिली की जेमतेम अठ्ठावीस सेकंद चालायचा, की पुन्हा चावी. बातमी घडत असताना चावी संपली तर बातमी काही थांबत नाही. म्हणून आधी बघायचं, मग कळ दाबायची. तुम्ही मुलं आधी कळ दाबता आणि घरी जाऊन बघता."

त्यांनी मला एका दुपारात जे शिकवलं ते पुस्तकातून मला महिन्यात कळलं नसतं. आधी लांबून जागा दाखवावी, मग माणूस, मग त्याचे हात, मग तो ज्याच्याकडे बघतो आहे ती वस्तू, मग पुन्हा चेहरा. ही पाच चित्रं एकामागून एक लागली की प्रेक्षकाला वाटतं, आपण तिथेच उभे होतो. "मात्र गंमत अशी," काका म्हणाले, "की माणूस काम एकदाच करतो आणि तुला चित्रं पाच हवी असतात. हीच आमच्या धंद्यातली खरी मेख."

ही मेख फार जुनी आहे. आपल्याकडे चलच्चित्राचा कॅमेरा पहिल्यांदा हाती घेतला तो सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी. लंडनहून एकवीस गिनींना मागवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. फिल्म धुवायलासुद्धा लंडनला पाठवावी लागली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ परांजप्यांचं मुंबईत स्वागत झालं, त्याचंही त्यांनी चित्रण केलं. ती आपली पहिली बातमीची फिल्म मानतात. मला नेहमी वाटतं, सावेदादांची त्या दिवशी छाती किती धडधडली असेल! कुस्ती निदान परत लावता येते. रँग्लर परांजप्यांना, "साहेब, जरा पुन्हा बोटीत जाऊन पुन्हा एकदा उतरता का?" असं कसं म्हणणार?

असो. विषय काय घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. देवनार म्हटलं की सगळे डोंगराकडे धावतात. फार तर कत्तलखान्याकडे. डोंगर इतक्यांदा टीव्हीवर आला आहे की त्याला आता स्वतःची चांगली बाजू कुठली ते ठाऊक असेल. शिवाय २०१६ च्या आगींनंतर आत जायला मनाई कडक झाली. मी ठरवलं, आपण डोंगर घ्यायचा नाही. कचऱ्याचे पैसे जिथे होतात ती जागा घ्यायची. बैंगनवाडीच्या बाजूला भंगाराची दुकानं ओळीने आहेत. गोणी येते, काट्याला लागते, आकडा पुकारला जातो, नोटा हातात पडतात. नव्वद सेकंदांत मावेल अशी याहून नेटकी बातमी कुठली?

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. आजी १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आली, त्याच वेळी त्यांची आईही आली; त्यामुळे आमच्याकडे त्यांचं येणं-जाणं आहे. पहाटे निघून सोसायट्यांच्या कचऱ्यातून त्या बाटल्या, पुठ्ठा, प्लास्टिक वेगळं करतात आणि दुपारी व संध्याकाळी अशा दोन गोण्या दुकानात घालतात. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "काढ की. म्या काय खोकायचं हाय का?" आजीची कीर्ती अशी दूरवर पसरलेली आहे.

ठरलेल्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्याबरोबर होते. लांबून गल्ली घेतली. मावशी घेतल्या. त्यांचे हात घेतले. बाटलीचं झाकण एका हिसक्यात काढून वेगळ्या पिशवीत टाकणारे ते हात मी कितीतरी वेळ घेत राहिले. वर घारी फिरत होत्या, त्याही घेतल्या. घारी भलत्याच सुंदर दिसत होत्या. मला वाटलं, आपण काकांच्या अठ्ठावीस सेकंदांच्या जमान्यात जन्मलो नाही हे किती बरं झालं!

दुपारी एकच्या सुमारास मावशी दुकानात शिरल्या. छताच्या लोखंडी दांड्याला काटा लटकवलेला. घड्याळासारखी गोल तबकडी, खाली आकडा. मावशींनी गोणी खांद्यावरून उतरवली, दोन्ही हातांनी उचलून आकड्याला अडकवली. मी कळ दाबली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन इंग्रजी शब्द उमटले. त्यांचा अर्थ एवढाच, की आता आत जागा नाही. चार तास घारींनी खाल्ले होते.

दुकानदाराने तबकडीकडे पाहिलं. म्हणाला, "साडेअकरा." गोणी उतरली. त्या दिवशी किलोला दहा रुपये भाव. त्याने एकशे पंधरा रुपये मोजून दिले, मावशींनी ते कनवटीला लावले. संपलं. माझी अख्खी बातमी माझ्या डोळ्यांदेखत घडून गेली आणि मी कॅमेऱ्यातल्या घारी पुसत उभी!

मी जवळजवळ रडकुंडीला आले. मग धीर करून म्हटलं, "मावशी, पुन्हा एकदा अडकवाल का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार खुशीत होता. आपल्या दुकानाचं चित्रण होतंय म्हणून त्याने केसांवरून हात फिरवला. तबकडीचं तोंड दुकानाच्या आतल्या बाजूला होतं. तिथे अंधार. मला तबकडी दिसायला हवी होती; मी म्हटलं, "दादा, काटा जरा उजेडाकडे फिरवा ना." त्याने क्षणभर विचार केला आणि फिरवला. मावशींनी पुन्हा गोणी उचलली. त्यांना पाठीचा त्रास आहे. उचलताना त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि मला वाटलं, वा, चेहरा काय छान येतोय! गोणी अडकली. काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला आणि स्थिर झाला.

साडेतेरा.

दुकानात कुणीच काही बोललं नाही. कॅमेरा चालू होता. दुकानदाराने तबकडीकडे पाहिलं, मग माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "साडेतेरा!" मीच आधी सांगून ठेवलं होतं, पैसे देतानाचंही हवं म्हणून. मावशींनी कनवटीचे एकशे पंधरा त्याला परत दिले. त्याने ते घेतले, गल्ल्यातून वर वीस काढले आणि सगळे मिळून मोजून त्यांच्या हातावर ठेवले. मावशींनी हळूहळू मोजले. एकशे पस्तीस. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की आणखी काही, ते मी आजवर कितीतरी वेळा ती चित्रफीत थांबवून पाहिलं आहे. मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर पाच-पन्नास पावलं आम्ही गप्प चाललो. मग मावशी म्हणाल्या, "रोज येत जा गं बाय, तुझं ते डबडं घेऊन."

त्या रात्री मी चित्रफीत जुळवायला बसले. काकांचा पाचाचा हिशेब तंतोतंत जमला होता. गल्ली, मावशी, हात, तबकडी, चेहरा. थरथरून थांबणारा काटा तर असा आला होता की परीक्षकांनी खुर्चीतून उठावं. आणि मग मी प्रवेशपत्रिका उघडली आणि ते तळाचं कलम पहिल्यांदा वाचलं.

मन फार हुशार असतं. त्याने लगेच वकिली सुरू केली. पुन्हा करून घेतलं म्हणजे काय बिघडलं? गोणी तीच, मावशी त्याच, दुकान तेच. उलट दुसऱ्या वेळचं वजन खरं होतं! खोटं तर पहिल्या वेळचं होतं. मग मी खऱ्याचंच चित्रण केलं ना?

पण मी जितका विचार करत गेले तितका माझाच मुद्दा माझ्यावर उलटत गेला. वजन खरं होतं ते दुसऱ्या वेळी. घटना खरी होती ती पहिल्या वेळी. रोज दुपारी आणि रोज संध्याकाळी त्या दुकानात जे घडतं ते साडेअकरा. साडेतेरा त्या दुकानात एकदाच घडलं, ते माझ्यासाठी. माझी चित्रफीत पाहून लोक म्हणाले असते, कष्टाचं काम आहे, पण बाईला वजन चोख मिळतं, दाम रोख मिळतो. दर गोणीमागे दोन किलो धरले, दिवसाला दोन गोण्या आणि महिन्याचे पंचवीस दिवस, तर दरमहा हजार रुपये त्या तबकडीच्या अंधारात जात होते. आणि मी तबकडी उजेडात फिरवून तो अंधार झाकून टाकला होता.

अशा शंका थोरामोठ्यांच्या वाट्यालाही आल्या आहेत. २३ फेब्रुवारी १९४५ ला इवो जिमा बेटावरच्या टेकडीवर अमेरिकन सैनिक निशाण उभारत आहेत, हे जो रोझेन्थाल यांचं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्याला त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या टेकडीवर त्या दिवशी उभारलेलं ते दुसरं निशाण होतं. पहिलं लहान होतं, म्हणून सैन्यानेच मोठं आणलं. नंतर रोझेन्थाल यांना कुणीतरी विचारलं, "हे तुम्ही सैनिकांना उभं करून काढलंत का?" त्यांना वाटलं, नंतर काढलेल्या दुसऱ्या सामूहिक फोटोबद्दल विचारताहेत, ते हो म्हणाले, आणि जन्मभर तो आरोप त्यांच्या मागे लागला. त्यांना सोडवलं ते चलच्चित्राने. त्यांच्या शेजारीच बिल जेनॉस्ट नावाचा सैनिक सोळा मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर तोच क्षण टिपत होता. त्या फिल्ममध्ये दिसतं की निशाण एका दमात वर गेलं, कुणी थांबलं नाही, कुणी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. जेनॉस्ट मात्र काही दिवसांतच त्याच बेटावर मारला गेला.

आपल्या कॅमेऱ्याशेजारी दुसरा कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. दिसलं असतं ते असं, की एक मुलगी एका पाठदुखीच्या बाईला म्हणते आहे, "पुन्हा एकदा."

लंडनला १९९५ पासून रोरी पेक यांच्या नावाने मुक्त वृत्तछायाचित्रकारांना पारितोषिकं दिली जातात. हे पेक १९९३ च्या ऑक्टोबरात मॉस्कोच्या टीव्ही केंद्राबाहेर चित्रण करताना गोळी लागून गेले. गोळ्या चाललेल्या ठिकाणी ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. ते म्हणता येतं ते जिथे समोरचा माणूस भिडस्त आहे आणि आपला शब्द मोडत नाही तिथेच. म्हणजे नळावरच्या आजीला. गोणीवाल्या मावशींना.

मी आजीला उठवलं. रात्रीचा एक वाजला होता. म्हटलं, "आजी, त्या दादाने तुला पुन्हा खोकायला सांगितलं तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

आजी कूस बदलून म्हणाली, "काय वाटायचंय? पयला खोकला माझा व्हता. दुसरा त्या पोराचा." आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेले. एक विचार असाही आला होता, की खरी बातमी तर आता सापडली आहे, दोन किलोंची. तीच का दाखवू नये? माझ्याकडे पहिल्या वजनाचं चित्र नव्हतं हे खरं. पण पुन्हा जाऊन, लपवून का होईना, घेता आलं असतं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दाखव. पन मग उद्या माझी गोनी कोन घेनार? लेकीच्या बाळंतपनाला त्याच्याकडनं उचल घेतलीय म्या." मी मान खाली घातली. त्यांना दोन किलो ठाऊक नव्हते असं थोडंच होतं? चाळीस वर्षं गोणी उचलणाऱ्या खांद्याला वजन कळत नाही होय? त्यांनी तो हिशेब केव्हाच मांडून ठेवला होता. मीच तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी तबकडीचं चित्र काढून टाकलं. अडकवणारे हात काढले, एकशे पस्तीसही काढले. मग चित्रफितीत एक भोक पडलं. मावशी गोणी घेऊन दुकानात शिरतात आणि एकदम रिकामी गोणी घडी करून बाहेर येतात. मध्ये काय झालं ते नाही. ते भोक तसंच ठेवलं आणि कलमाखाली सही केली. हात थरथरला, पण तो सत्यनिष्ठेने नव्हे. बक्षीस गेल्याच्या दुःखाने.

आणि ते गेलंच. निकालाच्या दिवशी परीक्षकांनी प्रत्येकाला दोन शब्द सांगितले. माझी पाळी आल्यावर म्हणाले, "हात छान घेतलेस. पण वजनाचा शॉट कुठाय? सगळी गोष्ट तिथेच तर आहे!"

"तेवढा राहिला, सर."

ते हसले. अगदी मायेने म्हणाले, "अगं, मग पुन्हा एकदा करून घ्यायचा होता!"

सभागृहात हशा पिकला. मीही हसले. काय करणार?

कॅमेरा विभागाला परत केला. न हरवता, न पाडता, न भिजवता. पुढे २०२५ च्या मे महिन्यात पालिकेने देवनारचा जुना कचरा, सुमारे १८५ लाख टन, हलवण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. आमच्या गॅलरीसमोरचा डोंगर एक दिवस नाहीसा होईल म्हणतात. तेव्हा टीव्हीवाले नक्की येतील आणि त्यांनी यावंच. एवढा मोठा डोंगर मोजायला काटाही मोठा लागेल. त्याची तबकडी कुठल्या बाजूला असेल, तेवढं कुणीतरी पाहावं.

वडिलांचा एक जुना फोटोचा कॅमेरा आमच्या कपाटात आहे. चामड्याच्या पाकिटातला; किती वर्षांपासून बंद आहे कोण जाणे. निकालानंतर एका संध्याकाळी कशी कोण जाणे बुद्धी झाली, तो गळ्यात अडकवला आणि मावशींच्या गोणीच्या वेळेला दुकानासमोर जाऊन उभी राहिले. दुकानदाराने मला पाहिलं. काही न बोलता काटा उजेडाकडे फिरवला.

आता आठवड्यातून दोन-तीनदा कॉलेजहून येताना मी त्या बाजूने येते. याला वृत्तछायाचित्रण म्हणत नाहीत हे मला कळतं. काकांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावतील. मी तिथे काही टिपत नाही, कुणाला काही पुन्हा करायला सांगत नाही. केवळ उभी असते आणि गोणी एकदाच उचलली जाते.

परवा मावशी काट्यावरून परतताना माझ्याजवळ थांबल्या. गळ्यातल्या पाकिटाला बोट लावून हळूच म्हणाल्या, "चालू हाय का गं हे?"

"नाही, मावशी. केव्हाचा बंद आहे."

"असू दे," पैसे कनवटीला लावत मावशी म्हणाल्या, "त्याला कुठं ठावं हाय!"